परत पुलापासून

...आणि मी त्याला हजारदा सांगितलं होतं, की बाबा रे, हे काम घरी नेऊ नकोस, ऑफिसातच कर, पण ऑफिसात करणार कसं, ऑफिसात ते दोन दांडगे कॉम्प्युटर एकदम चालू केले की अख्ख्या मजल्याचे दिवे जातात आणि शेजारचा दातांचा डॉक्टर तणतणत येतो, कारण त्याचा पेशंट अंधारात आ वासून बसलेला असतो! म्हणून काम घरी गेलं. आणि घरी गेलं म्हणूनच हे सगळं रामायण... पण थांबा, कुणाबद्दल बोलतोय तेच सांगायचं राहिलं.

आमचा मोजमास्तर. ऑफिसात सगळे त्याला मास्तर म्हणतात, संपादकबाईसुद्धा, कारण तो मोजतो. आमची आपली एक छोटीशी वेबसाइट आहे, कुठली वस्तू घ्यावी आणि कुठली घेऊ नये हे लोकांना सांगणारी. माझ्याकडे हेडफोन. कानात घालायचे, दोन गाणी ऐकायची, काढायचे, लिहायचं, घरी जायचं. मास्तरच्या नशिबी आली ग्राफिक्स कार्डं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची ती विटेएवढी जाड वस्तू, जिच्या जोरावर खेळातली चित्रं पडद्यावर भराभर हलतात. किती भराभर? सेकंदाला किती चित्रं? ते मास्तरने मोजायचं. जास्त चित्रं, चांगलं कार्ड. संपला विषय.

संपला? तुम्हाला सांगतो, तिथेच सुरू होतो! लोकांना वाटतं काय मजा आहे. त्याचा मेहुणा तर दर भेटीत पाठीवर थाप मारतो, "चैन आहे बुवा तुमची, दिवसभर खेळायचं आणि वर पगार." खेळतो कोण? तो नवा बंदुकीचा खेळ आलाय ना, युद्धाचा, त्यात म्हणे बर्फाचे डोंगर आहेत, पाणबुडी आहे, शेवटी असं काहीतरी आहे की भलेभले बाप्ये रडतात. मास्तरने यातलं काय पाहिलंय? पूल. फक्त पूल. कारण कार्डांची तुलना करायची तर प्रत्येक कार्डाला परीक्षा सारखी हवी, की नको? जागा तीच, चाल तीच, गोळी त्याच क्षणी. मग मास्तरने निवडला पूल. पुलावर उभं राहायचं, डाव्या कठड्याने धावायचं, उलटलेल्या ट्रकला वळसा घालायचा, आणि पलीकडे चौकीपाशी एक पहारेकरी पाठमोरा उभा असतो, तोंडात सिगारेट, हातात काड्यापेटी. वारा असतो जोराचा. पहिली काडी विझते. दुसरी विझते. तिसरी तो पेटीतून काढतो, आणि काढली रे काढली की मास्तरने त्याला गोळी घालायची. मग भोंगा वाजतो, चारी बाजूंनी सैनिक, धूर, आग, भिंत कोसळते, आणि त्या धुरात कार्डाला खरा घाम फुटतो. ठरलेला वेळ संपला की पडद्यावर आकडा येतो, तो लिहायचा. आणि मग? मग काय... चला, परत पुलापासून.

एकेका कार्डाला तीन-तीनदा. चित्र साधं ठेवून तीनदा, झकपक ठेवून तीनदा, आणि मग स्क्रू काढा, कार्ड काढा, दुसरं बसवा, त्याचं सॉफ्टवेअर घाला, कॉम्प्युटर बंद-चालू करा... मध्येच शिंक आली आणि गोळी अंमळ उशिरा सुटली तर ती फेरी बाद. परत पुलापासून. वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. ती म्हणते आमच्याकडे माणसाचं रक्तसुद्धा एकदाच तपासतात.

तर असं हे मागच्या खोलीत चाललेलं असताना त्याची आई राहायला आली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, थंडीचे दिवस, डॉक्टर म्हणाले ऊब हवी आणि जिने नकोत. ताईकडे, म्हणजे मास्तरच्या बहिणीकडे, तिसरा मजला. मग राहिलं मास्तरचंच घर, पहिला मजला, मोजक्या पायऱ्या, आणि त्या घरात तरी खोल्या किती, तर पुढची आणि मागची. पुढच्या खोलीत वहिनी आणि मास्तर, मागच्या खोलीत आई... आणि ग्राफिक्स कार्डं. आई पलंगावर, हा टेबलापाशी, मध्ये हातभर अंतर.

आता तुम्ही म्हणाल आई वैतागली असेल. अजिबात नाही हो! कार्ड जोरात चाललं की मागून गरम वारा सुटतो, तो नेमका आईच्या गुडघ्यावर. म्हातारी खूश. म्हणायची, घरात इतकी ऊब मला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. मास्तर वैतागला, तेही पहिल्याच दिवशी. झालं असं, की हा पाणी प्यायला उठून गेला, आणि आईला वाटलं कॉम्प्युटर कुडकुडतोय. घरघर आवाज येतोय, अंग थरथरतंय... तिने आपली शाल काढली आणि त्याला पांघरली. नीट, चारी बाजूंनी खोचून! हा परत येऊन बघतो तर कार्ड तापून लाल, आकडे झोपलेले, सकाळपासूनची मेहनत पाण्यात. शाल काढली, घडी केली, तिच्या पायाशी ठेवली, आणि खुर्चीत बसला. चला, परत पुलापासून.

पण खरी गंमत, गंमत कसली, खरी आफत पुढेच आहे. आई दिवसभर पलंगावर. करणार काय? पडदा समोर. ती तोच पूल बघायची, तोच ट्रक, तोच पहारेकरी. सुरुवातीला तिला वाटलं रोज नवे पहारेकरी आहेत. मग तिच्या लक्षात आलं की नाही, हा तोच. तिने त्याला नावच ठेवलं, काडीवाला. मास्तर खुर्चीत बसला की विचारायची, आला का काडीवाला. जेवण जात नसलं की म्हणायची, त्या काडीवाल्यानेही सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. तिचे यजमान, म्हणजे मास्तरचे वडील, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तेही असेच गॅलरीत पाठमोरे उभे राहून ओढायचे, तिच्यापासून लपवून, आणि तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे तिने मास्तरला सांगितलं नाही, वहिनीला सांगितलं. वहिनीने मास्तरला. आणि मास्तरने मला, चहा पिताना, कपात बघत. मी म्हटलं, बिस्किट घे.

एका दुपारी आई म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "अरे, त्याला एकदा ती काडी पेटवू तरी दे."

मास्तरने समजावलं. आई, हा खरा माणूस नाही. आई म्हणाली ते मला कळतं, माझा गुडघा बदललाय, डोकं नाही. मास्तर म्हणाला, अगं, एका कार्डाच्या वेळी थांबलो तर सगळ्याच कार्डांच्या वेळी थांबावं लागेल, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. आई गप्प बसली. पण आई गप्प बसते म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिसरी काडी निघायची वेळ आली की ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची. दर फेरीला. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर! पलंग करकरायचा. तिकडे पलंग करकरला की इकडे मास्तरचं बोट चुकायचं. आणि बोट चुकलं की... परत पुलापासून.

आता इकडे ऑफिसात काय, तर संपादकबाईंनी फर्मान काढलेलं. एका कंपनीचं नवं कार्ड बाजारात येणार होतं, सगळ्या वेबसाइटींना तपासायला आधीच दिलेलं, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी सगळ्यांनी आपापलं म्हणणं छापायचं. बाई प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन सांगून गेल्या, आपले वाचक कमी झालेत, मालक कंटाळलेत, या खेपेला आपला लेख गाजला नाही तर पुढच्या महिन्यात इथे कोण बसलेलं असेल मला माहीत नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी हेडफोन घातलेले, तरी ऐकू आलं. आवाज आत येऊ न देणारे हेडफोन म्हणे! मी त्यांना पाचपैकी चार दिले होते.

तर शेवटचा दिवस. नवं कार्ड झालं, बाकीची झाली, राहिलं एक जुनं कार्ड. जुनं का, तर वाचकाला कळावं की नवं किती पुढे गेलंय. त्याच्या झकपक चित्राच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरी बाकी. दुपारी आईला गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, वहिनी लॅबमधून थेट तिकडे येणार होती, कंपनीचा माणूस नवं कार्ड परत न्यायला येतो म्हणून सारखा फोन करत होता. आई तयार होऊन पलंगावर बसलेली, चपला घालून, पिशवी मांडीवर. मास्तरने तिसरी फेरी सुरू केली. कठडा, ट्रक, चौकी, पहिली काडी, दुसरी काडी... आणि आई या वेळी वळली नाही. कशी वळणार, बसलेली होती ना! बघत राहिली. मास्तरला काचेत तिचा चेहरा दिसला. पडद्याच्या काचेत, हो. त्या पहारेकऱ्याच्या शेजारीच.

त्याचं बोट हललंच नाही.

तुम्हाला सांगतो, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिसरी काडी पेटली. पहारेकऱ्याने हाताचा आडोसा केला, सिगारेट शिलगावली, एक झुरका घेतला, लांब धूर सोडला, मान हलवली, आणि चौकीचं दार उघडून आत निघून गेला. दार लावून घेतलं. भोंगा नाही, सैनिक नाहीत, काही नाही. पूल रिकामा. खाली नदी वाहतेय. नदी आहे हे मास्तरला तोवर माहीतच नव्हतं! आई म्हणाली, "गेला बाई घरी." आणि दोघं तसेच बसून राहिले, नदी बघत, वेळ संपून पडद्यावर आकडा येईपर्यंत.

आता ही फेरी बाद करायची, होय ना? मास्तर ती बाद करणारच होता. हात माऊसकडे गेलाच होता, आणि दारावरची बेल वाजली. कंपनीचा माणूस. त्याला खोका द्या, सह्या करा, तो म्हणतो वायर कुठेय, वायर शोधा, तोवर खाली टॅक्सी भोंगे वाजवतेय, आईला हात धरून एकेक पायरी उतरवा, वाटेत संपादकबाईंचा फोन, आकडे कुठायत मास्तर, आकडे! मास्तर पळत वर आला, फाइल होती तशीच धाडली, पळत खाली गेला.

दवाखान्यात गर्दी. आई एका बाजूला, वहिनी एका बाजूला, मध्ये मास्तर. फोन वाजला. बाई. मास्तरने घाबरत उचलला, तर बाई चक्क हसत होत्या. अहो मास्तर, तुम्ही तर कमाल केलीत, एवढी मोठी बातमी आणि मला सांगितली नाहीत, लेख लागलासुद्धा, मथळा मीच दिला. मास्तरने मोबाइलवर लेख उघडला. ठळक अक्षरांत मथळा... जुन्या कार्डाने नव्याला लोळवलं! आणि खाली तक्ता, त्यात सगळ्यात लांब पट्टी कुणाची, तर जुन्या कार्डाची.

क्षणात डोक्यात प्रकाश पडला. धूर नाही, आग नाही, सैनिक नाहीत, भिंत कोसळायची नाही. एक रिकामा पूल काढायला कार्डाला कष्ट कसले? ती चित्रं पाण्यासारखी पळाली, तो अवाढव्य आकडा बाकीच्या दोन आकड्यांत मिसळला, सरासरी आभाळाला भिडली... आणि आपल्या जुन्या कार्डाने जग जिंकलं! आई म्हणाली, काय रे, चेहरा का उतरला. मास्तर म्हणाला, काही नाही. वहिनी लॅबवाली, तिला असले चेहरे रोज दिसतात. तिने नुसता त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि वाचला.

मास्तर बाहेर पायरीवर जाऊन बाईंना फोन लावून म्हणाला, लेख उतरवा, आकडा चुकलाय. बाई म्हणाल्या, शक्य नाही, लोक तुटून पडलेत, आपल्याकडे इतके वाचक कधी आले नव्हते. चुकला म्हणजे कसा चुकला? आता सांगा, काय सांगायचं? मोजण्यात ज्याचा हात कुणी धरत नाही अशा माणसाने, दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटांच्या देखत सांगितलं, "आईला त्या पहारेकऱ्याला काडी पेटवू द्यायची होती."

बाई हळूच म्हणाल्या, "हे मी मालकांना कुठल्या शब्दांत सांगू?"

लेख उतरला, पण उतरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. वाचकांनी फाडून खाल्ला हो त्याला. एक म्हणतो हा विकला गेलाय. दुसरा म्हणतो याला साधी बेरीज येत नाही. तिसरा सगळ्यात वाईट, तो सभ्यपणे म्हणतो, मी आपल्या आकड्यांवर विश्वास ठेवून कालच जुनं कार्ड घेतलं. मास्तरने त्या तिसऱ्याला स्वतः उत्तर लिहिलं, भलंमोठं, माफी मागून. त्यावर त्याचं उत्तर आलं, हरकत नाही. मास्तर म्हणतो त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कंपनीने निरोप धाडला, यापुढे तुम्हाला आमची कार्डं नाहीत. बाईंनी हातापाया पडून, कुणाकुणाच्या ओळखी काढून, एका दुकानातून कार्ड उसनं आणलं आणि सांगितलं, सगळं नव्याने मोज, सगळीच्या सगळी कार्डं, ही शेवटची संधी. सगळी का? कारण मधल्या काळात त्या खेळाची सुधारित आवृत्ती आली होती, आणि सुधारणा म्हणजे काय, तर जुने सगळे आकडे रद्द! तर चला. परत पुलापासून.

आणि मग आईला कळलं. कुणी सांगितलं? मेहुण्याने! पाठीवर थापा मारणाऱ्या त्याच मेहुण्याने. संध्याकाळी तिने वहिनीकडे पिशवी भरायला मदत मागितली. म्हणाली गुडघा आता जिने चढतो, ताईकडे जाते, खूप दिवस झाले. मास्तर दारात आडवा उभा राहिला. आई, तुझ्यामुळे नाही झालं, हात माझा होता. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू लहानपणी मुंगीसुद्धा मारायचा नाहीस. मला वाटलं, तुला आवडत नसताना करावं लागतंय."

इतकी वर्षं घरातल्या कुणी त्याला विचारलं नव्हतं की बाबा, तुला हे आवडतं का. त्यालाही कधी सुचलं नव्हतं स्वतःला विचारायचं.

गेली आई. खोली रिकामी झाली, पलंग उभा करून भिंतीला टेकवला, आता करकरायला कुणी नाही, शाल पांघरायला कुणी नाही. मोजायला याहून चांगली परिस्थिती नाही. मास्तर बसला. कठडा, ट्रक, चौकी, पहिली, दुसरी, तिसरी... आणि बोट अडखळलं. एवढंसं. डोळ्याला दिसणार नाही इतकं. पण आकड्याला दिसतं ना! एका फेरीत किंचित उशीर, दुसऱ्या फेरीत जास्त, तिसरीत घाईघाईने अगोदरच. तीन फेऱ्या, तिन्हींचं तोंड तीन दिशांना. पुसा. परत. पुसा. परत. मला म्हणाला, माझं बोट बिघडलंय रे. मी म्हटलं पहारेकऱ्याकडे बघूच नकोस, कठड्याकडे बघ. तर म्हणतो, तेही करून पाहिलं, कठड्याखाली नदी दिसते.

बाईंना शेवटी आकडे दिले त्याने. कसेबसे, बऱ्या फेऱ्या निवडून. छापले. कुणी वाचले नाहीत. कोण वाचणार, सगळ्यांनी एव्हाना दुसरीकडे वाचून कार्डं घेतली होती. आमची नोकरी तूर्त आहे. म्हणजे पुढच्या महिन्यापर्यंत आहे, पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात.

आणि परवा, आम्ही जेवायला बसलो होतो, डबे उघडलेले, तेवढ्यात ताईचा फोन. मास्तरने स्पीकरवर ठेवला, हाताला भाजी लागलेली. ताई म्हणाली, आई बसून बसून कंटाळलीय, तिला तो पुलाचा खेळ हवाय, मी तिला कॉम्प्युटर घेतेय. दुकानातूनच बोलतेय, समोर बरीच कार्डं मांडलीत, तू इतकी वर्षं हेच करतोयस, पटकन सांग, कुठलं घेऊ?

सगळं ऑफिस घास हातात धरून थांबलं. संपादकबाईसुद्धा दारात. मास्तरने पाण्याचा एक घोट घेतला. या माणसाने किती कार्डं खोलली असतील, किती स्क्रू फिरवले असतील, किती तक्ते काढले असतील... नुसते रचले तर छताला लागतील!

तो म्हणाला, "ताई, दुकानदाराला विचार. तो देईल ते घे."